कंसातली तारीख

आमच्या विभागात मला संदर्भबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण भिंती पातळ आहेत आणि माझे कान तिखट आहेत. कुणाचाही शोधनिबंध नियतकालिकाकडे निघाला की त्याची संदर्भसूची आधी माझ्या टेबलावर येते. स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम पडलेला असला तर तो मला घासात लागलेल्या खड्यासारखा जाणवतो, आणि खडा काढल्याशिवाय मला पुढचा घास गिळता येत नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटेल. एका नियतकालिकाला साल कंसात हवं असतं, दुसऱ्याला शेवटी. एकाला सगळ्या लेखकांची नावं हवीत, दुसरा सहा नावांनंतर 'आणि इतर' लिहून बाकीच्यांना वाटेला लावतो. संगणकावरचं सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं म्हणतात. करतं खरं, पण ते कामचुकार नोकरासारखं करतं, नजर हटली की एखाद्याचं आडनाव पुढे आणि नाव मागे. माझ्या समोरच्या टेबलावरचा मासेवाला, म्हणजे माशांवर काम करणारा माझा सहकारी, मला नेहमी विचारतो की एवढं नाकाने कांदे सोलून तुम्हाला मिळतं काय. मी त्याला एकच सांगते. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव लावायचं, आणि लावायचं तर नीट लावायचं. सवलत मागायची नाही, कारण मी ती देत नाही.

असं बोलणाऱ्या बाईवर एक दिवस पाळी येणारच होती.

माझं स्वतःचं काम गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर आहे. या गोगलगायींच्या पायाला एक छोटं झाकण असतं. संकट आलं की त्या अंग आत ओढून घेतात आणि शंखाचं तोंड त्या झाकणाने बंद करतात. पाणी आटायला लागलं की त्या असं करतात, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. मी बरीच वर्षं खपून दाखवलं की पाणी आटायची त्या वाटच बघत नाहीत. वाहतं पाणी नुसतं थांबलं, पातळी बोटभरही उतरली नाही, तरी त्या बंद होतात. निबंध एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांनी बरं म्हटलं. आमच्या धंद्यात कुणी बरं म्हटलं की ते पेढे वाटण्याइतकं असतं.

पण एका परीक्षकाने एक बारीकसा प्रश्न विचारला होता. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं की जलशुद्धीकरण केंद्राच्या टाक्यांमध्ये, येणारं पाणी बंद केल्यावर, गोगलगायींना ते कळतं आणि त्या झाकणं लावून घेतात असं दिसून आलं आहे. कुणाला दिसून आलं? संदर्भसूचीत तर काहीच नाही. पाठोपाठ सहसंपादिकेचं पत्र आलं, अगदी मऊ शब्दांतलं. हे तुम्हाला कुणी तोंडी सांगितलं असेल तर त्याला 'व्यक्तिगत संवाद' म्हणतात. तो सूचीत जात नाही, मजकुरातच कंसात जातो, त्या व्यक्तीच्या नावासह आणि संवादाच्या तारखेसह. शिवाय त्या व्यक्तीचं सहीचं पत्र लागेल, की हे मीच बोललो, या तारखेला बोललो, आणि छापायला माझी हरकत नाही. नसेल तर ते वाक्य काढावं लागेल.

मला व्यक्तिगत संवादाचा नियम शिकवणारी ही कोण, असं क्षणभर वाटून गेलं. नियम मला पाठ होता. पाठ होता म्हणूनच मी ते वाक्य 'दिसून आलं आहे' अशा निनावी क्रियापदात गुंडाळून ठेवलं होतं.

ते वाक्य माझ्या घटस्फोटित नवऱ्याचं होतं. आणि तो ते ज्या दिवशी बोलला, त्या दिवशी आमचं मूल मेलेलं जन्माला आलं होतं.

तो तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रात साधा रसायनतज्ज्ञ होता. मला शेवटचा महिना लागला होता. सकाळी उठले तर पोटात काही हलेना. दवाखान्यात गेलो, त्यांनी यंत्र लावलं, मग दुसरं यंत्र लावलं, आणि मग सगळेजण फार हळू बोलायला लागले. संध्याकाळी सगळं उरकल्यावर वॉर्डात जागा नव्हती म्हणून माझी खाट थोडा वेळ बाहेरच्या बोळात लावली होती. तो शेजारी स्टुलावर बसला होता. मी त्याला विचारलं, मला आधी कसं कळलं नाही? तो भिंतीकडे बघत म्हणाला, "टाकी धुवायच्या आदल्या दिवशी आम्ही आत येणारं पाणी बंद करतो. टाकीत पाणी तेवढंच असतं. पण वाहणं थांबलं की गोगलगायींना कळतं. झाकणं लावून घेतात." एवढं बोलून तो चहा आणायला गेला.

गोगलगाईलासुद्धा कळतं, आणि हिला कळलं नाही. मी ते असं ऐकलं. दुसरं कसं ऐकणार होते मी?

मी त्याला कधी जाब विचारला नाही. ताईला मात्र सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. त्या दिवशी तीही दवाखान्यात होती आणि बाळ तिने पाहिलं होतं. मला दाखवू नये असं कुणीतरी ठरवलं, आणि मी हट्ट केला नाही. ताईने ते गोगलगाईचं वाक्य सगळ्या नात्यात फिरवलं. 'बाईच्या जिवावर बेतलं होतं आणि हा बाबा गोगलगाई सांगत बसला,' असं म्हणून ती हात नाचवायची. संसार त्यानंतर काही काळ चालला, म्हणजे आम्ही तो ओढला. भांडण नाही, तंटा नाही. एकाच घरात दोघं भाडेकरू राहावेत तसे राहिलो आणि मग वेगळे झालो. पुढे त्याने लग्न केलं, त्याला एक मुलगी झाली. मी ताईकडे राहायला आले. तिच्या पुढच्या खोलीत शिलाई यंत्र आहे, मागच्या खोलीत माझी पुस्तकं.

आणि येताना मी ते वाक्य बरोबर आणलं. ज्या वाक्याचा राग आला त्याच्यावर कुणी आयुष्याची नोकरी काढेल का? मी काढली. पहिल्यांदा गोगलगाई टाकीत घालून पंप बंद केला, तेव्हा माझी खरी इच्छा ते खोटं पाडायची होती. मी काचेला नाक लावून बसले होते. म्हणत होते, होऊ नका बंद. एकेक करून त्या बंद झाल्या.

सहसंपादिकेचं पत्र मी ताईला वाचून दाखवलं. ती कुणाच्या तरी पडद्यांना काठ मारत होती. तिने मान वर न करता सांगितलं की काढून टाक ते वाक्य, ब्याद जाईल. मी म्हटलं, काढलं तर ती कल्पना माझी ठरेल, आणि ती चोरी होईल. ताई म्हणाली, त्याने तुझं जे नेलं त्यापुढे ही चोरी म्हणजे किस झाड की पत्ती. ताईचं सगळंच असं सोपं असतं. पण मला ते जमणार नव्हतं. दुसऱ्यांच्या सूच्यांमधून ज्याचं त्याला परत करायला लावत आले, आता मीच उसनं दाबून बसले तर उद्या मासेवाल्याच्या टेबलावर कुठल्या तोंडाने वाकणार?

तेव्हा पत्राचा मसुदा केला. अगदी नियमात बसणारा. खाली सहीची जागा, मध्ये ते वाक्य, वर तारीख. आणि तारीख मी खोटी घातली. त्याच वर्षातली, बावीस ऑगस्ट. त्या दिवशी काही झालं नव्हतं, निदान मला आठवावं असं काही नाही. मी, जिने कधी कुणाचं चुकीचं सालसुद्धा पुढे जाऊ दिलं नाही, ती हे करत होते. खरी तारीख छापली तर पुढे कधीही तो निबंध उघडला की ती माझ्याकडे बघत बसली असती. मला ते नको होतं.

फोनवर तो एवढंच म्हणाला की गुरुवारी ये, दुपारनंतर मी मोकळा असतो.

केंद्र बसच्या शेवटच्या थांब्यापुढे आहे. फाटकावरच्या रखवालदाराने माझं नाव लिहून घेतलं आणि लांबच्या इमारतीकडे बोट केलं. दोन्ही बाजूंना त्या मोठ्या उघड्या टाक्या, मधून कठड्याची अरुंद वाट, आणि सगळीकडे क्लोरीनचा वास, धुतलेल्या फरशीसारखा. प्रयोगशाळेत एका रांगेत काचेची भांडी ठेवली होती आणि प्रत्येकात एक छोटं वल्हं पाणी ढवळत होतं. कुठल्या पाण्याला किती तुरटी लागेल ते असं पाहतात. तो आता तिथला प्रमुख झाला आहे. केस पांढरे झालेत, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. मला पाहून त्याने यंत्र थांबवलं आणि वल्ही एकदम स्थिर झाली.

आम्ही आधी थोडं इकडचं तिकडचं बोललो. ताई कशी आहे, तिचे गुडघे कसे आहेत, त्याच्या मुलीचा पहिला दात पडला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. वाक्य आणि पत्र.

त्याने चष्मा लावून दोन्ही वाचले. तो पूर्वीपासून हळू वाचतो, ओळीखाली नख फिरवत. त्याचं नख तारखेपाशी थांबलं. खिशातलं पेन काढून त्याने बावीस ऑगस्टवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, नऊ नोव्हेंबर. त्याला आठवावंही लागलं नाही.

"तारीख चुकली होती," तो म्हणाला.

मी म्हटलं, चालेल, कोण बघतंय. तो म्हणाला की तुला कधीपासून चालायला लागलं? मी म्हटलं, एका गोगलगायींच्या निबंधात ती तारीख कशाला हवी, कुणाला काय फरक पडतो.

"ती तारीख कुठेच नाहीये," तो म्हणाला. "मी शोधली होती मागे. श्वास घेतला नाही म्हणून जन्म नोंदवला नाही. जन्म नाही म्हणून मृत्यू नोंदवला नाही. दवाखान्याच्या कागदावर तू आलीस ते आहे आणि तू घरी गेलीस ते आहे. मधलं काही नाही. एकदा तरी कुठेतरी छापून येऊ दे."

मला वाटलं होतं की तो विसरला. वेगळे झाल्यापासून त्या दिवशी त्याचा कधी फोन आला नव्हता. माझाही गेला नव्हता म्हणा. पण त्याची माया अशी एकदम समोर आली आणि मला ती सोसेना. मला राग आला. इतकी वर्षं मुरलेला राग म्हणजे नुसता राग राहत नाही, त्याला धार येते.

"आणि तारखेच्या आधी काय छापू?" मी म्हणाले. "गोगलगाईलासुद्धा कळतं, हिला कळलं नाही, असं?"

त्याला समजलंच नाही. मग समजलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते खाली उतरत गेलेलं मला दिसलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू ते असं ऐकलंस?"

मी हो म्हटलं.

मग त्याने सांगितलं, थांबत थांबत, त्या काचेच्या भांड्यांकडे बघत. आदल्या दिवशी केंद्रात टाकी धुवायची म्हणून पाणी बंद केलं होतं. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा मी कुशीवर झोपले होते. रोज आल्यावर तो पोटावर हात ठेवायचा आणि रोज आतून लाथ बसायची, हे मला आठवत होतं. त्या संध्याकाळी त्याने हात ठेवला आणि काहीच झालं नाही. त्याने बराच वेळ हात ठेवला. त्याला वाटलं, झोपलंय. दोघंही झोपलेत, झोपू दे. उठून तो स्वयंपाकाला लागला.

"तू विचारलंस, मला आधी कसं कळलं नाही," तो म्हणाला. "मी तुला नव्हतो बोलत. मी माझं सांगत होतो. मला कळलं होतं, आणि मी तुला उठवलं नाही."

त्याची दया यायला हवी होती. आधी आली ती चीड. उठवलं असतंस तर? त्या रात्रीच गेलो असतो तर? हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, पण ते माझ्या तोंडावर असणार, कारण तो हळूच म्हणाला की त्याने नंतर डॉक्टरांना विचारलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर चिडीच्या खाली मला हायसंही वाटलं. एवढी वर्षं तो दोष माझा होता. एका मिनिटासाठी तो त्याचा झाला. आणि पुढच्या मिनिटाला तो कुणाचाच उरला नाही, हे सगळ्यांत वाईट होतं. दोष होता तोवर धरायला काहीतरी होतं.

बाहेर कुणीतरी टाकीच्या भिंतीवर पाण्याचा फवारा मारत होतं, त्याचा आवाज येत होता. त्याने चष्मा परत लावला आणि निबंधातलं वाक्य पुन्हा वाचलं.

"एक बदल कर," तो म्हणाला. "गोगलगायींना कळतं, असं लिहू नकोस. बंद होतात, एवढंच लिही. कळतं की नाही ते आपल्याला माहीत नाही. तू तरी सिद्ध केलंयस का?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, पण तू कळतं असंच म्हणाला होतास, तुझ्या नावाने तुझंच म्हणणं जायला हवं, मला ते बदलता येत नाही. तो म्हणाला की मग बोलणाऱ्याने नंतर दुरुस्त केलं असं लिही. त्याला कुठल्याच पद्धतीत जागा नाही, असं मी म्हटलं, आणि ते इतकं माझ्यासारखं होतं की दोघांनाही हसू फुटेल असं वाटलं. फुटलं नाही. शेवटी मी मसुद्यात 'बंद होतात' केलं आणि त्याने खाली सही केली. वाकडी, जुनीच सही. पूर्वी गॅसच्या आणि विजेच्या बिलांवर मी ती दर महिन्याला बघायचे.

निघताना तो कठड्यापर्यंत आला. एक टाकी रिकामी होत होती. पाण्याच्या रेषेखाली भिंतीला लागून गोगलगाई बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं बंद. आम्ही दोघांनीही पाहिलं. बस यायला वेळ होता, तरी मी थांबले नाही.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. बोलता बोलता तिचं यंत्र थांबलं. ताईचं यंत्र थांबणं म्हणजे काय ते आमच्या घरात राहणाऱ्यालाच कळेल. तिच्या नवऱ्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही ते चालू होतं. ती मांडीवरच्या कापडावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग मी इतकी वर्षं चारचौघांत काय सांगत फिरले?" मी म्हटलं, मी तुला जे सांगितलं तेच. मी उठून दिवा लावायला गेले तेव्हा ती मागून म्हणाली, "बाळाचं नाक तुझं होतं."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मी दिव्याच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले आणि मग रडले, खूप रडले, ताई पाठीवर हात फिरवत राहिली. रडून बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

पत्र पाठवायला मी काही दिवस काढले. वाक्य काढून टाकायचा मोह रोज व्हायचा. पण त्याचं ते म्हणणं डोक्यातून जाईना, की एकदा तरी कुठेतरी छापून येऊ दे. तो काही मागणारा माणूस नाही. मी पत्र पाठवलं, कंसात त्याचं नाव आणि नऊ नोव्हेंबर घातलं, साल घातलं. निबंध स्वीकारल्याचं कळलं तेव्हा मासेवाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाला, आता आमच्या सूच्यांवर थोडी मेहेरनजर होऊ द्या. मी हसले. मनात एकच होतं, कंस.

छपाईआधीची प्रत तपासायला आली. मी शीर्षक पाहिलं नाही, आकृत्या पाहिल्या नाहीत, आधी प्रस्तावनेवर गेले. वाक्य होतं. 'बंद होतात' होतं. कंसात त्याचं नाव होतं, व्यक्तिगत संवाद असं होतं, आणि पुढे फक्त साल.

समासात संपादनसाहाय्यकाची टीप होती. आमच्या पद्धतीनुसार तोंडी संवादाचं केवळ वर्ष दिलं जातं. पूर्ण तारीख पत्रासोबत आमच्या दप्तरी राहील.

मी ताबडतोब लिहिलं की पूर्ण तारीख ठेवावी. कारण दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका नियमातून सूट मागत होते, आणि ज्यांना ती कधी दिली नाही त्यांची तोंडं मला एकेक आठवत होती. उत्तर सभ्य होतं. संवादाच्या दिवसाला शास्त्रीय महत्त्व नसल्यामुळे तो वगळला आहे. मात्र ही तारीख प्रत्यक्ष निरीक्षणाची असेल, म्हणजे गोगलगाई त्या दिवशी बंद झालेल्या आढळल्या असतील, तर ती पूर्ण छापता येईल. तसं आहे का?

एक शब्द हवा होता. हो. कोण तपासणार होतं? केंद्राची त्या काळची दप्तरं केव्हाच रद्दीत गेली असतील. त्यालाही मी सांगितलं असतं तर त्याने डोळे मिटून मान हलवली असती. मी 'हो' लिहिलं. पाठवायच्या बटणावर बोट नेलं. आणि बोट तिथेच राहिलं.

नऊ नोव्हेंबरला कुणीही टाकीत डोकावलं नव्हतं. डोकावणारा माणूस त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात स्टुलावर बसला होता. 'हो' म्हटलं असतं तर नऊ नोव्हेंबर छापून आलं असतं, पण ते गोगलगायींचं नऊ नोव्हेंबर झालं असतं. जे कुणी वाचलं असतं त्याने तसंच वाचलं असतं. आमचं काही त्यात उरलं नसतं. एवढं खरं कधीच कुठे लिहिलं गेलं नाही, आणि पहिल्यांदा लिहायचं ते खोट्याच्या आधाराने, हे माझ्याने होईना. मी 'हो' पुसलं आणि लिहिलं की नाही, ती संवादाचीच तारीख आहे. तासाभरात धन्यवाद आले. सालावर निभावलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. रागवायचं तरी कुणावर? त्या साहाय्यकाने जे केलं ते मीच केलं असतं, आणि त्याच्यापेक्षा कमी सभ्यपणे.

निबंध प्रसिद्ध झाला त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला. पत्राने कळवता आलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं. मागे त्याची मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती आणि मध्येच अडखळत होती.

"आला का छापून?" त्याने विचारलं.

आला म्हटलं. 'बंद होतात' तसंच राहिलं, तेही सांगितलं. त्याने बरं म्हटलं आणि थांबला. त्याला काय विचारायचंय ते मला माहीत होतं, आणि मला आधी सांगून टाकायला हवं होतं.

"तारीख नाही आली," मी म्हणाले. "त्यांच्या पद्धतीत नुसतं वर्ष बसतं. मी मागून पाहिलं. नाही ऐकलं त्यांनी."

मुलीने त्याला काहीतरी विचारलं, त्याने तिला थांब म्हटलं. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते. पुढच्या खोलीत ताईनेही यंत्र थांबवलं होतं.

"वर्ष तरी बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मी तपासलंय."